जहाजावरची तिसरी जागा

ब्रिस्टल
९ नोव्हेंबर १८६६

हेस्टर,

तुझा पत्ता खलाशांच्या चर्चमधल्या पाद्रीबुवांनी दिला. मी मागितला नव्हता. बोलता बोलता त्यांनी आपणहून दिला, तेव्हा म्हटलं, एका कामासाठी वापरावा.

काम असं. तुझ्या आईच्या थडग्यावरचा दगड कलला आहे. त्या कोपऱ्यातली माती खचली. पाद्रीबुवा म्हणतात, वेळीच सरळ केला नाही तर दोन तुकडे होतील. ज्युडिथ माझी बहीण खरी, पण तू तिची मुलगी. दगडाला हात लावायचा तर तुझी संमती हवी. गवंड्याला किती घेशील म्हणून विचारलं. त्याचं उत्तर ऐकलं, टोपी घातली आणि घरी आलो. तरी बघू.

बाकी ठीक. घरोघर गॅसचे दिवे लागल्यापासून मेणबत्त्यांच्या धंद्यात राम नाही. मी अडुसष्टचा झालो. उजव्या डोळ्यापुढे कायम धुकं असतं, डाव्यानं भागवतो. डॉक्टर म्हणाले, एका मेणबत्तीच्या उजेडात लिहू नका, दोन लावत जा. जन्मभर मेणबत्त्या बनवणाऱ्या माणसाला एवढं सांगायचे त्यांनी पैसे घेतले.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आदल्या दिवशी तू दाराशी येऊन गेलीस, असं मागाहून कळलं. मी त्या दिवशी बाथ गावी होतो, चरबीच्या व्यापाऱ्याकडे. घर बंद होतं. चार दिवसांनी तुमचं जहाज सुटलं, हेही मला बाहेरच्यांकडून कळलं. देश सोडताना मामाला सांगून जायची रीत असते. असो.

गिडियनला तिकडे सुतारकाम मिळालंच असेल. जहाजं काय, समुद्र आहे तिथे बांधतात. त्याच्या खिशात फूटपट्टीशिवाय काही नाही असं मी तुमच्या लग्नाआधी म्हणालो होतो, ते तेव्हा खरंच होतं. लग्नाला आलो नाही, पण आहेर पाठवला होता. माझी कामवाली डोर्कस अजून त्यावरून टोमणे मारते. म्हणते, "नव्या नवरीला जळक्या मेणबत्त्यांची पेटी कोणी देतं का?" त्यातल्या बऱ्याचशा अर्ध्याहून मोठ्या होत्या.

संमती कळव. टपाल महाग आहे, तेव्हा एकाच कागदावर लिही.

ॲम्ब्रोज टकेट


ब्रिस्टल
१७ डिसेंबर १८६६

हेस्टर,

उत्तर आलं नाही. इतक्यात यायचंही नाही, मध्ये अख्खा समुद्र आहे. पण मागच्या पत्रात एक गोष्ट चुकीची गेली. पत्र पेटीत टाकलं तेव्हापासून ती टोचते आहे.

मी बाथला नव्हतो. घरात होतो.

डोर्कस बाजारात गेली होती. मी मागच्या खोलीत आगटीपाशी बसलो होतो. तू दार ठोठावलंस. तुझं ठोठावणं मला ओळखू येतं. तीनदा, मग जरा थांबून आणखी एकदा. लग्न झाल्यापासून दर नाताळच्या आदल्या दिवशी ते ऐकत आलो. मी दार चार बोटं उघडायचो. तू म्हणायचीस, "मामा, उद्या दुपारी जेवायला या. पुडिंग एवढं मोठं झालंय की आम्हा दोघांना संपायचं नाही." मी म्हणायचो, "न संपणारं करता कशाला?" तू हसायचीस. दहा वर्षं हे असंच चाललं. शेवटी शेवटी कमी हसायचीस.

अकराव्या वर्षी मी दारच उघडलं नाही. गिडियन ज्या गोदीत कामाला होता ती बंद पडल्याचं आदल्या आठवड्यात कानावर आलं होतं. म्हटलं, यंदा ही काहीतरी मागायला आली.

तू पुन्हा ठोठावलंस. मग हाक मारलीस, "मामा, धुराड्यातून धूर येतोय. आहात ना आत?"

मी काय केलं ते सांगतो. शेजारी चहाची किटली होती. ती उचलली आणि आगीवर ओतली. निखारे फुसफुसले, खोलीभर वाफ झाली, मी तोंडावर हात धरून खोकला दाबला. धूर थांबला की तू जाशील, एवढंच डोक्यात होतं. बाहेरून तुला काय दिसत असेल हा विचार तेव्हा आला नाही. काळा धूर होता, तो एकाएकी पांढरा झाला असणार.

मग तू म्हणालीस, "बरं, मामा." मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं. गिडियन काहीतरी पुटपुटला. तू त्याला म्हणालीस, "राहू दे." मग दोघांची पावलं.

डोर्कस परत आली तेव्हा आगटीत चिखल झाला होता. "आग कशानं विझली?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "किटली उपडी झाली." त्या दिवशी पुन्हा पेटवू दिली नाही. म्हटलं, कोळसा वाचला.

तू काय मागायला आली होतीस, ते आता विचारून उपयोग नाही. तरी विचारतो.

ॲम्ब्रोज टकेट


ब्रिस्टल
११ फेब्रुवारी १८६७

हेस्टर,

अक्षर डोर्कसचं आहे, शब्द माझे. डाव्या डोळ्यालाही आता ओळ दिसत नाही. डोर्कस रविवारच्या शाळेत लिहायला शिकली आहे. कागद फार लागतो तिला.

गिडियनचं पत्र आलं. त्यानं काय लिहिलं ते त्यानं तुला दाखवलं की नाही, ठाऊक नाही, म्हणून इथे उतरवायला सांगतो.

"तुम्ही विचारलंत, म्हणून कळवतो. आम्ही काही मागायला आलो नव्हतो. इकडे हॅलिफॅक्सला येणाऱ्या जहाजावर आम्ही तीन जागा घेतल्या होत्या. तिसरी तुमची. त्या जागेचे पैसे हेस्टरनं दोन वर्षं लोकांचे शर्ट शिवून साठवले. मी म्हणालो, म्हातारा यायचा नाही. ती म्हणाली, आईचा एकुलता एक भाऊ आहे. लहानपणी मला खांद्यावर बसवून गोदीवर जहाजं दाखवायला न्यायचा. इथे एकटा राहून मेला, तर मला कळायचंही नाही. धूर पांढरा झाला तो आम्ही दोघांनी पाहिला. तुमची जागा धक्क्यावर एका वेल्श माणसाला निम्म्या पैशांत दिली. तो वाटेत फार छान गायचा. हेस्टर तुमची पत्रं वाचते आणि कपाटात ठेवते. ती काही बोलत नाही, म्हणून मी लिहिलं."

मी तिकडे येऊन काय केलं असतं? थंडी भयंकर. इथला धंदा कोणी पाहिला असता? जागा विकलीत ते बरं केलंत, निम्मे तरी सुटले.

हेस्टरताई, हे एवढं सांगून मालक खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिलेत. तेवढ्यात चार ओळी मी माझ्या पदरच्या घालते. त्यांना वाचता येत नाही ते एका परीनं बरंच झालं. पाद्रीबुवांनी पत्ता आपणहून दिला म्हणे! तीनदा गेले होते त्यांच्याकडे. तिसऱ्यांदा तर पावसात. गिडियनदादांचं पत्र मला चार वेळा वाचायला लावलं. वेल्श माणसाचं आलं की म्हणतात, "थांब, ते परत वाच."

आता मी त्यांना तोंडावर विचारलं. म्हटलं, "मालक, गावात म्हणतात, टकेटची चमडी जाईल पण दमडी जायची नाही. ते खरंच आहे. पण फुकटचं जेवण सोडणारा कंजूष मी जन्मात पाहिला नाही. अकरा नाताळ गेला का नाहीत?"

"तोंड सांभाळ," म्हणाले.

"हात सांभाळतेय," मी म्हटलं, "तुमचं पत्र लिहितेय."

मग म्हणाले, "लिही." आता मी लिहिते ते त्यांचं.

हेस्टर, तुझा बाप समुद्रात बुडाला त्या साली, ऑक्टोबरात, ज्युडिथ तुला घेऊन माझ्याकडे आली. तू बारा वर्षांची होतीस. बाहेर पायरीवर तुमची पेटी ठेवली होती, तिच्यावर बसली होतीस, म्हणजे आतलं बोलणं तुला कळलं नसेल. ती म्हणाली, "ॲम्ब्रोज, वरच्या दोन खोल्या रिकाम्याच असतात. हिवाळ्यापुरतं राहू दे. पोरीला शिवणकाम लागलं की आम्ही जाऊ."

मी म्हटलं, "घर लहान आहे."

सहा खोल्यांचं घर. तिनं मान वर करून छताकडे पाहिलं आणि हसली. भांडली असती तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता कदाचित हो म्हटलं असतं. ती भांडली नाही. तुम्ही नदीकाठच्या त्या बोळात खोली घेतलीत. तिथल्या भिंती हिवाळाभर ओल्या असतात हे मला ठाऊक होतं, कारण तिथे मी माल ठेवत नसे. दुसऱ्या हिवाळ्यात ती गेली. मी सगळ्यांना सांगितलं, तिची छाती मुळातच नाजूक होती. नव्हती. लहानपणी पळायच्या शर्यतीत मी तिला एकदाही हरवलं नाही.

तुझा चेहरा वर्षागणिक तिच्यासारखा होत गेला. दार चार बोटं उघडलं की तू अर्धीच दिसायचीस. तेवढं मला सोसायचं. तुझ्या घरी येऊन, समोर बसून, तू वाढलेलं कसं खाल्लं असतं? म्हणून कंजूष म्हणवून घेतलं. ते सोपं होतं. लोकांना ते आधीपासून माहीत होतं.

ॲम्ब्रोज टकेट

हेस्टरताई, 'घर लहान आहे' हे मी तेव्हा स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. मीही काही बोलले नाही. डोर्कस.


ब्रिस्टल
४ जून १८६७

हेस्टर,

तुझं पत्र आलं. सात ओळी. डोर्कसनं वाचून दाखवलं. नंतर मी ते हातात घेऊन बसलो. दिसत काही नाही, पण तू पेन दाबून लिहितेस, ते बोटाला कळतं.

तू लिहितेस, आईचा दगड सरळ करा. केला. गवंडी काम करत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो. तो म्हणाला, "साहेब, तुम्हाला दिसत नाही तर लक्ष कशावर ठेवताय?" मी म्हटलं, "तुझ्यावर नाही." झाल्यावर तिच्या नावावरून हात फिरवला. जानेवारीतलं शेवटचं अक्षर झिजलं आहे, बाकी सगळं लागतं.

पुढे तू लिहितेस, "घर लहान आहे, हे मी पेटीवर बसून ऐकलं होतं. दार उघडंच होतं."

डोर्कस इथे वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, पुढे वाच.

"ते ठाऊक असूनच मी दर वर्षी येत होते. मला वाटायचं, एखाद्या वर्षी तुम्हीच सांगाल, आणि मग आपण जेवायला बसू. आता सांगितलंत. माफ केलं असं लिहायला घेतलं होतं, पण ते अजून खरं नाही, आणि खोटं लिहायची मला सवय नाही."

हेस्टर, मी वीस वर्षं जी गोष्ट दाराआड धरून बसलो होतो, ती तू बाहेर पायरीवर घेऊन उभी होतीस. एवढंच मला आज सांगता येतं. माफीचं तू लिहिलंस ते बरोबर आहे. घाईनं लिहू नकोस. मुळीच नाही लिहिलंस तरी दोष माझ्याच पदरात टाकावा लागेल.

मार्चमध्ये तुला मुलगी झाली, आणि तिचं नाव ज्युडिथ ठेवलंस, हे वाचून झाल्यावर डोर्कसनं ॲप्रनला नाक पुसलं आणि मला म्हणाली, "आता तरी काही बोला." मी म्हटलं, "वजन किती होतं?" ते पत्रात नव्हतं.

वरच्या दोन खोल्यांत गेल्या महिन्यापासून एक बाई राहते. मिसेस लव्हरिज. नवरा बंदरात जहाजांचा वाटाड्या होता, वादळात गेला. दोन मुली आहेत. मी भाडं सांगितलं. डोर्कस मध्येच म्हणाली, "मालकांना अर्धं म्हणायचंय." मी म्हटलं, "मला तसं म्हणायचं नव्हतं." ती म्हणाली, "म्हणूनच मी म्हटलं." शेवटी अर्धं ठरलं. पहिल्या आठवड्यात जिन्यावरच्या पावलांनी डोकं उठायचं. आता धाकटी जिना उतरताना शेवटची पायरी उडी मारून उतरते ते ओळखता येतं.

हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही. मिसेस लव्हरिजला खोल्या मिळाल्या, त्या ज्युडिथला मिळाल्या नव्हत्या. एकीचं दुसरीच्या नावावर चढत नाही.

लिहीत राहा असं म्हटलं आहेस. राहीन.

तुझा मामा


ब्रिस्टल
२६ डिसेंबर १८६७

हेस्टर,

काल नाताळ झाला. मी डोर्कसच्या भावाकडे जेवायला गेलो होतो.

मिसेस लव्हरिज मुलींना घेऊन माहेरी गेली होती. डोर्कस सकाळी म्हणाली, "मालक, मी इनॉककडे चालले. तुमचं जेवण झाकून ठेवू, की कोट आणू?" इनॉक तिचा भाऊ, गोदीच्या मागे पिंपं बनवतो. मी म्हटलं, "मला त्यांनी बोलावलेलं नाही." ती म्हणाली, "मी बोलावतेय. एकदाच विचारीन. अकरा वर्षं विचारत बसायला मी काही हेस्टरताई नव्हे." मी कोट घातला.

तिच्या दंडाला धरून गेलो. बर्फ नव्हतं, चिखल होता. घरात शिरलो तर एकदम गप्पा थांबल्या. पोरांपैकी कोणीतरी कुजबुजलं, "हाच तो!" इनॉकचा आवाज भरदार आहे. तो म्हणाला, "या टकेटसाहेब, बसा. ए, चमचे मोजून ठेवा रे, म्हणजे साहेबांना मोजायचा त्रास नको." सगळे हसले. डोर्कसनं त्याला चिमटा काढला असणार, कारण तो ओरडला. मलाही हसू आलं. घरचं माणूस असल्यासारखं कोणी टोचलेलं फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

मला त्यांच्या म्हाताऱ्या आईशेजारी बसवलं, आगीच्या बाजूला. बाई ऐंशीच्या पुढे आहे आणि ठार बहिरी. बहिऱ्या माणसांना वाटतं, दुसऱ्यांनाही ऐकू येत नाही. माझ्याकडे तोंड करून ती सगळ्या टेबलाला म्हणाली, "हे कोण? ह्यांना स्वतःचं कोणी नाही का?"

"आई!" डोर्कस म्हणाली.

मी म्हटलं, "भाची आहे. कॅनडात असते."

"काय म्हणतो?"

इनॉक ओरडला, "भाची आहे! कॅनडात!"

"मग ती कॅनडात जायच्या आधी कुठे होती?"

"इथेच," मी म्हटलं. "माझ्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर."

तेही इनॉकनं तिच्या कानात ओरडून सांगितलं. बाई विचारात पडली. तिचे चघळायचे आवाज थांबले ते मला कळलं. मग म्हणाली, "बोलवत नव्हती होय? हल्लीच्या पोरी अशाच."

हेस्टर, तिथे मी गप्प बसू शकलो असतो. कोणी काही म्हटलं नसतं. माझ्या शेजारी डोर्कसचा भांड्यातला डाव हलायचा थांबला, आणि मला कळलं, ती काही बोलणार नाही. हे तिनं बोलायचं नव्हतं.

मी म्हटलं, "बोलवत होती. दर वर्षी घरी येऊन बोलवत होती. मीच गेलो नाही."

"काय म्हणाला?" म्हातारीनं विचारलं.

या वेळी इनॉक ओरडला नाही. कोणीच ओरडलं नाही. तेव्हा मी तिच्या बाजूला वळलो, तिचा कान कुठे आहे ते हातानं चाचपलं, आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणालो, "ती बोलवत होती! मीच गेलो नाही!"

इतका मोठा आवाज मी आयुष्यात काढला नसेल. रस्त्यावरही गेला असेल.

बाई जरा वेळानं म्हणाली, "मूर्खच म्हणायचं की." मग माझा हात धरून माझ्या ताटावर ठेवला. ताट भरलेलं होतं. "जेवा आता. गार होतंय."

डॉक्टरांना मी ऑगस्टमध्येच विचारलं होतं, समुद्रावरून जाता येईल का. तुला कळवलं नव्हतं. ते नाही म्हणाले. डोळ्यांमुळे नाही, छातीमुळे. वसंतात परत विचारीन, तेव्हाही नाहीच म्हणतील. तू इकडे ये असं मी म्हणणार नाही. तेवढा हक्क मी राखून ठेवला नाही. धाकट्या ज्युडिथचं कसं चाललंय ते कळव. दात आले का, उभी राहते का. कितीही कागद लागू देत.

काल मी दोनदा वाढून घेतलं. हंस छान भाजला होता. वरची कातडी कुरकुरीत, आत मऊ. डोर्कसची भावजय म्हणाली, "आवडला का?" मी म्हटलं, फार आवडला.

तुझ्या हातचा कसा होतो, ते मला माहीत नाही.

तुझा मामा